मदत हवी आहे: छळाच्या दाव्यातली तडजोड आणि अमेरिकेतला टॅक्स

मी न्यू जर्सीत एच-१बी वर आहे, टॅक्ससाठी रेसिडेंट. जुन्या कंपनीविरुद्धच्या लैंगिक छळाच्या दाव्यात ९०,००० डॉलरवर तडजोड ठरली आहे. मसुद्यात २०,००० बुडालेला पगार (डब्ल्यू-२ या पगाराच्या फॉर्मवर), ४०,००० मानसिक त्रासाचे आणि ३०,००० वकिलाची फी. पुढच्या शुक्रवारी सही आहे.

पगाराचा भाग करपात्र, हे मान्य. टॅक्स कायद्यातल्या कलम १०४ ची सूट शारीरिक इजेसाठी आहे. माझी अर्धशिशी आणि निद्रानाश मानसिक त्रासाचीच लक्षणं धरली जातात, त्यामुळे तीही आशा सोडली. फी थेट वकिलाला गेली तरी ती आधी माझं उत्पन्न धरतात आणि मग रिटर्नच्या शेड्यूल १ या पुरवणी फॉर्मवर वजा करता येते, हेही वाचलंय. गोपनीयतेचं कलम असलं तरी ही वजावट मला मिळते, कंपनीची वजावट मात्र जाते, असं आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) स्पष्ट केलंय.

अडलंय ते उपचारांच्या खर्चावर. दीड वर्षात समुपदेशन आणि औषधांवर ६,४०० डॉलर खिशातून गेले. पावत्या आहेत, आणि आधीच्या रिटर्नमध्ये त्यांची वजावट घेतलेली नाही. तेवढी रक्कम ४०,००० मधून करमुक्त धरता येते म्हणे. आमचे सीपीए (इथले सीए) भारतीय उत्पन्नाचं काम उत्तम करतात, पण असं प्रकरण त्यांनी हाताळलेलं नाही. वकील म्हणतात, टॅक्सवर सल्ला देणार नाही.

ज्यांनी स्वतः असा करार केलाय किंवा असे रिटर्न भरलेत त्यांनी कृपया सांगा: हे ६,४०० करारात वेगळे लिहून घ्यावेच लागतात, की १०९९ वर (पगाराव्यतिरिक्त उत्पन्नाच्या फॉर्मवर) पूर्ण ४०,००० आले तरी पावत्यांच्या जोरावर रिटर्नमध्ये वगळता येतात?