मदत हवी आहे: थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइड दाखवणारा कॅमेरा, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझ्या ताईचं (वय ४६) थायरॉइडचं ऑपरेशन आहे. दोन्ही बाजूंना गाठी, त्यातल्या एकीचा सुईचा रिपोर्ट पॅपिलरी कॅन्सर आला, म्हणून पूर्ण थायरॉइड काढायचं ठरलंय. आम्ही सांगलीचे. सर्जन अनुभवी आहेत, वेळ देऊन बोलतात, आमचा त्यांच्यावर भरवसा आहे.

काळजी पॅराथायरॉइडची आहे. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी (बहुधा चार) रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. आजूबाजूच्या चरबीत त्या पटकन ओळखू येत नाहीत. मग कधी थायरॉइडबरोबर निघून येतात, कधी त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. आमच्या एका काकूंना असंच झालं. ओठांभोवती मुंग्या, हातात पेटके, आणि कॅल्शियमच्या गोळ्या अजून चालू आहेत. ताईनं ते जवळून पाहिलंय. कॅन्सरपेक्षा ती यालाच जास्त घाबरलीय.

वाचताना कळलं, की ७८५ नॅनोमीटरच्या आसपासचा निअर-इन्फ्रारेड प्रकाश टाकला की या ग्रंथी कुठलंही औषध न टोचता थायरॉइडपेक्षा जास्त चमकतात. डोळ्यांना नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. हे अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात अनिता महादेवन-जॅन्सन यांच्या गटानं शोधलं (त्यांचं फिजिक्स मुंबई विद्यापीठातलं, वाचून फार बरं वाटलं). २०१८ मध्ये तिथल्या एफडीएनं अशा दोन उपकरणांना परवानगी दिली. काढलेल्या थायरॉइडवर एखादी ग्रंथी चिकटून आली आहे का, तेही यात तपासता येतं. आली असेल तर तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत परत लावतात.

पण रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथीही तशीच चमकते. ती जगेल का, हे पाहायला आयसीजी हा हिरवा डाय शिरेतून द्यावा लागतो.

आमच्या सर्जनकडे पित्ताशयाच्या ऑपरेशनला वापरतात तो आयसीजीचा कॅमेरा आहे, थायरॉइडसाठी त्यांनी तो वापरलेला नाही. इथे कुणी सर्जन किंवा ओटीत काम करणारे असतील तर कृपया सांगा: डाय न देता ग्रंथींची ही मंद चमक तो कॅमेरा पकडेल का, की वेगळा फिल्टर लागतो? आयसीजीत थोडं आयोडीन असतं, मग पुढे रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारायला देतात ते किरणोत्सारी आयोडीन) द्यायची वेळ आली तर अडचण येईल का?

आणि ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांना विचारते, पुण्या-मुंबईत कुठे हा कॅमेरा वापरला होता का? पीटीएचची (पॅराथायरॉइडच्या हार्मोनची) तपासणी कधी केली, गोळ्या कधी सुटल्या? नुसत्या कॅमेऱ्यासाठी ओळखीचे, हात बसलेले सर्जन सोडावेत असं मला वाटत नाही, पण घरात दोन मतं आहेत. तारीख बदलायची तर याच आठवड्यात कळवावं लागेल.