गोचिडांतील विकरांची (एन्झाइमांची) तपासणी जिल्हा प्रयोगशाळेत व्हावी का?

धागाकर्ता: डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारूनही संकरित गाईंवरील गोचीड मरत नाहीत, अशी तक्रार आली की आपण औषध बदलतो, कारण मात्र शोधत नाही. औषधाच्या रेणूतील एस्टर बंध तोडून त्याचे विघटन करणारी एस्टरेज विकरे मोजणे फारसे खर्चिक नाही. अल्फा-नॅफ्थिल अॅसिटेटपासून सुटलेल्या नॅफ्थॉलचा रंजकाशी संयोग होऊन येणारा रंग जितका गडद, तितकी विकराची क्रिया अधिक. मेक्सिकोतील गोचिडांच्या कोआत्साकोआल्कोस वाणात पायरेथ्रॉइड-प्रतिकाराचा संबंध अशाच एका एस्टरेजशी आढळला होता. कारण कळले, तर एस्टर नसलेले अमिट्राझ हे दुसरे गोचीडनाशक निवडण्यास आधार मिळेल.

प्रतिसाद १ (परजीवीशास्त्र): असहमत. त्याच मेक्सिकोतील सान फेलिपे वाणात दोष विकरांत नव्हता. पायरेथ्रॉइड चेतापेशीतील ज्या सोडियम वाहिनीवर (सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनावर) आघात करते, तिचीच रचना बदललेली होती. असे गोचीड आपल्या चाचणीत निर्दोष ठरतील आणि गोठ्यात औषध वाया जाईल. शिवाय नॅफ्थिल अॅसिटेट हे कीटकनाशक नव्हे. ते तोडणारे प्रत्येक एस्टरेज डेल्टामेथ्रिनही तोडते, असे गृहीत धरता येत नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या मादीत तर गाईच्या रक्तातील विकरेही मोजली जातात.

धागाकर्ता: म्हणूनच मादीऐवजी उपाशी अळ्या वापराव्यात. औषधासोबत ट्रायफेनिल फॉस्फेट हे एस्टरेजरोधक दिल्यावर मृत्यूचे प्रमाण वाढले, तर विकरांचा सहभाग सिद्ध होण्याच्या जवळ आपण पोहोचतो.

प्रतिसाद १: ही तर अळ्यांची कागदी पाकीट चाचणीच झाली, म्हणजे औषध लावलेल्या कागदाच्या पाकिटात अळ्या ठेवून किती मरतात ते मोजणे! मादीने अंडी घालून त्यांतून अळ्या बाहेर येईपर्यंत काही आठवडे जातात, म्हणजे विकर-चाचणीने वेळही वाचत नाही. जिल्ह्याने आधी पाकीट चाचणी नीट करावी. विकरे आणि जनुके यांचा शोध इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी व्हावा.

प्रतिसाद २ (क्षेत्रीय पशुवैद्यक): दोघांचेही म्हणणे नमुना घेतल्यानंतरचे आहे. मादी गाईवरून गळून भिंतीच्या फटीत अंडी घालते, आणि केवळ गाईवर फवारणी केली, तीही औषध अंदाजाने पातळ करून, तर काही दिवसांत नव्या अळ्या गाईवर चढतात. पशुपालक त्यालाच प्रतिकार म्हणतो. तेव्हा मात्रा, फवारणीची तारीख आणि गोठ्याची स्थिती यांची नोंद असल्याशिवाय कोणताही नमुना स्वीकारू नये.

धागाकर्ता: ही अट मान्य. मात्र पाकीट चाचणीत प्रतिकार ठरलेल्या नमुन्यांच्या उरलेल्या अळ्या फेकून न देता विकरांच्या तपासणीसाठी गोठवून ठेवाव्यात, हा माझा आग्रह कायम आहे.