ट्रेलरखाली भावाचा पाय गेला. मालकाने आणलेल्या कागदावर सही करावी का?

प्रश्न (वास्को)

माझा थोरला भाऊ वास्कोत ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजे बनवून बसवण्याचे काम करतो. त्याचे वय ३४ आहे. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी तो स्कूटरने कामावर निघाला असताना शहरातील एका तिठ्यावर डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या मागच्या चाकांखाली सापडला. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ट्रेलर कर्नाटकात नोंदलेला असून मालक बेळगावचा आहे. चार दिवसांपूर्वी मालकाचा माणूस घरी येऊन ३ लाख रुपये रोख देऊ म्हणाला. त्याने सोबत आणलेल्या मुद्रांक कागदावर असे टंकलेले होते की, अपघात दोघांच्याही चुकीमुळे घडला आणि यापुढे आमचा काहीही दावा नाही. घरात मिळवणारा भाऊ एकटाच असल्याने वहिनी सही करायला तयार झाली होती. मी कसाबसा आठवडा मागून घेतला आहे. भावाच्या परवान्याची मुदत अपघाताच्या दोन महिने आधी संपली होती, त्यामुळे दावा केला तरी उपयोग होणार नाही असे तो माणूस सांगतो. हे खरे आहे का? आणि दाव्यासाठी बेळगावला जावे लागेल का?

उत्तर १ (वकील, मडगाव)

ताई, सर्वप्रथम त्या कागदावर कोणीही सही करू नये. ३ लाखांचा आकडा लहान आहेच, पण त्याहून घातक ते ‘दोघांच्याही चुकीमुळे’ हे शब्द आहेत, कारण पुढे विमा कंपनी तेच वाक्य लवादापुढे (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे) ठेवून भरपाईतून तुमच्या भावाच्या चुकीचा वाटा कापून मागेल.

बेळगावला जाण्याची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात जिथे घडला, जखमी व्यक्ती जिथे राहते किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा लवादाकडे अर्ज करता येतो. वास्को दक्षिण गोव्यात येते, म्हणून तुमचा अर्ज मडगावला होईल. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत अर्ज करण्याची अट पुन्हा लागू झाली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्यावर विसंबून दिवस घालवू नका.

परवान्याविषयी त्या माणसाने सांगितलेले खरे नाही. जखमी व्यक्तीकडे वैध परवाना नव्हता एवढ्यावरून अपघातात तिची चूक होती असे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे. परवाना नसल्याबद्दल दंड होऊ शकतो, परंतु ट्रेलर कसा वळला हा प्रश्न वेगळाच राहतो.

भरपाई कशी मोजतात हे वहिनींना समजावून सांगा, म्हणजे ३ लाखांचे खरे मोल त्यांच्या लक्षात येईल. समजा, भावाचे उत्पन्न महिना २०,००० रुपये सिद्ध झाले. ४० वर्षांखालील स्वयंरोजगारी माणसासाठी भविष्यातील वाढ म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात, म्हणजे २८,००० होतात आणि वर्षाचे ३,३६,००० होतात. वर्षाचे उत्पन्न वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने गुणतात; ३१ ते ३५ या वयोगटाला गुणक १६ आहे, म्हणून हा आकडा ५३,७६,००० पर्यंत जातो. कमावण्याची क्षमता निम्मी गेली असे लवादाने मानले तर २६,८८,००० रुपये एवढ्या एकाच सदराखाली येतात. उपचाराचा खर्च, वेदना, घरी लागणारा मदतनीस, कृत्रिम पाय आणि तो काही वर्षांनी बदलण्याचा खर्च हे सगळे याशिवाय मागता येते.

इथे बहुतेक कुटुंबे एका ठिकाणी फसतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाई बुडाल्याची टक्केवारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, त्या इजेचा त्या माणसाच्या त्या व्यवसायावर काय परिणाम झाला हे लवादाने पाहिले पाहिजे. खुर्चीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा पाय जाणे आणि परांचीवर उभे राहून तिसऱ्या मजल्याची खिडकी बसवणाऱ्याचा पाय जाणे सारखे नाही. म्हणून भाऊ रोज नेमके कोणते काम करत होता, हे त्याला काम देणाऱ्या कंत्राटदाराच्या तोंडून साक्षीत येऊ द्या.

उत्तर २ (निवृत्त मोटार वाहन निरीक्षक, फोंडा)

वरच्या उत्तरातील कायद्याला मी हात लावत नाही. वाहनाबद्दल तेवढे सांगतो. लांब ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून, कोपऱ्याच्या अधिक जवळून जातात. ही गोष्ट ओळखून वळणे ही चालकाची जबाबदारी आहे. त्यामुळे पंचनाम्यातील नकाशा मागून घेऊन त्यावर रक्ताचा डाग, स्कूटर घासल्याची रेघ आणि रस्त्याची डावी कड यांच्यातील अंतरे लिहिली आहेत का ते पाहा. डाग कडेलगत असेल, तर स्कूटर आपल्या जागेवर होती हे नकाशाच बोलून दाखवतो. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत, संरक्षक आडव्या पट्ट्या होत्या की नव्हत्या याची नोंद तपासणी अहवालात शोधा.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. ट्रेलरला दोन क्रमांक असतात. ओढणाऱ्या पुढच्या भागाची नोंदणी वेगळी आणि मागच्या ट्रेलरची वेगळी असते आणि दोघांचे विमेही निरनिराळे असू शकतात. दोन्ही क्रमांक लिहून घ्या आणि त्यांच्या विम्याची मुदत सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर तपासा.

उत्तर ३ (म्हापसा)

माझ्या वडिलांना सात वर्षांपूर्वी टिप्परने उडवले होते आणि आमच्याकडेही असाच माणूस आला होता. आम्ही सही केली नाही, पण दुसरी चूक केली: औषधांची बिले एका पिशवीत कोंबून ठेवली. पावसाळ्यात पिशवीला ओल लागली आणि थर्मल कागदावरची छपाई पुसून गेली. लवादापुढे ते कोरे कागद घेऊन उभे राहताना आईला रडू आवरले नाही. आजच प्रत्येक बिलाची छायाप्रत काढा, रिक्षाचे भाडेसुद्धा तारखेसह वहीत लिहा.

पोलीस स्थानकात स्वतः चकरा मारा. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल लवादाकडे पाठवायचा असतो. त्याची प्रत तुम्हाला मागता येते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांची मी ऋणी आहे. काल पंचनाम्याची प्रत मिळाली. नकाशात डाग रस्त्याच्या डाव्या कडेपासून ६० सेंटीमीटरवर दाखवला आहे. एक शंका उरली आहे: भावाच्या मेडिक्लेममधून रुग्णालयाचे १ लाख १० हजार मिळाले आहेत. ते भरपाईतून वजा होतील का?

उत्तर १ (वकील, मडगाव)

होणार नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये निर्णय दिला आहे की, मेडिक्लेमची रक्कम ही विमाधारकाने स्वतः हप्ते भरून मिळवलेली असते, म्हणून ती अपघाताच्या भरपाईतून कापता येत नाही. तो निर्णय गोव्यालाही लागू आहे. ६० सेंटीमीटरची ती नोंद अर्जाच्या पहिल्याच पानावर यायला हवी. मालकाच्या माणसाला आता तोंडी उत्तर देऊ नका. वकिलामार्फत लेखी बोलू, एवढेच सांगा आणि वहिनींनाही तसे सांगून ठेवा. चालकाविरुद्धच्या गुन्ह्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण दावा स्वतंत्रपणे चालतो. भाऊ सही करण्याच्या स्थितीत असेल तर वकीलपत्र याच आठवड्यात त्याच्याकडून करून घ्या.