चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, फोटो मात्र पासपोर्टसारखा. कुठे चुकलं?

अंधारखोली

मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. नोकरी वेगळीच आहे, फोटो हे सुट्टीच्या दिवसांचं वेड, सहा-सात वर्षं झाली, घरचे, मित्र, मित्रांची पोरं सगळं काढून झालंय आणि लोक बरं म्हणतात. तर मागच्या महिन्यात ओळखीतून एका बऱ्यापैकी प्रसिद्ध अभिनेत्याचं पोर्ट्रेट काढायला मिळालं (नाव विचारू नका, लिहिणार नाही). ठरली होती वीस मिनिटं, मिळाली अकरा, त्यातली चार मेकअपदादांनी कपाळावरचा घाम टिपण्यात घालवली. ८५ मिमीची लेन्स, डावीकडून मोठा ऑक्टाबॉक्स (मऊ उजेड देणारी अष्टकोनी दिव्याची पेटी), उजवीकडे उजेड परतवणारा पांढरा रिफ्लेक्टर, मागे करडा कागद. १४० फ्रेम मारल्या. घरी येऊन बघतो तर काय, सगळे शार्प, एक्स्पोजर नीट, स्किन टोन मस्त, आणि १४० च्या १४० मध्ये एकच चेहरा! तेच हसू, तीच डावीकडे कललेली मान. नेटवर त्यांचे दुसऱ्यांनी काढलेले फोटो पाहिले तर तिथेही तेच, फक्त शर्ट वेगळा.

मित्राचा फोटो काढताना असं कधी होत नाही. मग मोठे फोटोग्राफर नेमकं काय वेगळं करतात? लाइट, लेन्स, की गप्पा मारायची कला? आणि सात मिनिटांत ते जमवायचं कसं?

सावलीवाला

आधी एक हिशोब करा. सात मिनिटांत १४० म्हणजे दर तीन सेकंदांना एक क्लिक. अहो, तुम्ही बोललात कधी त्यांच्याशी? समोरच्या माणसाला तीन-तीन सेकंदांनी खटॅक ऐकू आलं की तो आपोआप फोटोतला चेहरा लावून बसतो, त्यात अभिनेता असेल तर विचारायलाच नको, हजारो वेळा लावून झालेला चेहरा असतो तो.

जेन बाऊन आठवते का, ब्रिटनच्या ऑब्झर्व्हर वर्तमानपत्राची फोटोग्राफर? खिडकीचा उजेड, साधा ऑलिंपस कॅमेरा, बहुतेक वेळा शटर १/६० सेकंद आणि लेन्सचं तोंड एफ २.८ वर, आणि उजेड मापायला स्वतःच्या हाताची मागची बाजू, मीटरबीटर काही नाही. १९७६ मध्ये नाटककार सॅम्युअल बेकेट फोटो द्यायला तयार नव्हता, तिने त्याला थिएटरच्या मागच्या दारापाशी गाठलं आणि पाच फ्रेम काढल्या. फक्त पाच. त्यातला एक आज बेकेट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो, सुरकुत्यांचा नकाशा आणि ते डोळे.

याचा अर्थ कमी क्लिक करा म्हणजे आपोआप ग्रेट येईल असं नाही हां. बाईंची सेटिंग्ज ठरलेली होती म्हणून डोकं मोकळं होतं, सगळं लक्ष माणसावर. तुमचं लक्ष त्या सात मिनिटांत कुठे होतं ते खरं सांगा. मागच्या स्क्रीनवर, बरोबर?

लाइटचं म्हणाल तर मोठा ऑक्टा जवळ आणि समोरून पांढरा रिफ्लेक्टर म्हणजे चेहऱ्यावरची सावली तुम्हीच पुसून टाकलीत. रिफ्लेक्टर काढा आणि त्याच जागी काळा बोर्ड लावा. एका बाजूचा गाल खाली उतरतो, जबड्याला धार येते, आणि तेच हसू जरा तरी वेगळं वाचलं जातं. फुकटचा उपाय आहे.

खिडकीपाशी

सावलीवाल्यांना +१, पण लाइट हा दुय्यम मुद्दा आहे असं माझं मत.

फोटोग्राफर यूसुफ कार्श आणि ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल यांचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, सिगार काढून घेतल्याचा. ३० डिसेंबर १९४१, कॅनडातलं ओटावा, भाषण करून चर्चिल बाहेर येतो, फोटो काढणार आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, तो वैतागलेला. कार्शने ॲशट्रे पुढे केली तरी सिगार सुटेना, मग हा पुढे गेला, माफी मागत थेट ओठांतून सिगार काढली, परत येऊन क्लिक, आणि चर्चिलचा तो गुरगुरणारा चेहरा आला जो पुढे ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर गेला. सांगताना लोक इथेच थांबतात. पण कार्शने लाइट आणि कॅमेरा आदल्या संध्याकाळीच लावून ठेवले होते, ही गोष्ट कुणी सांगत नाही. ८ बाय १० इंचाचा धूड कॅमेरा तो, फोकस आधी करून ठेवायचा. आदल्या दिवशीची ती तयारी नसती तर सिगार काढून परत येईपर्यंत चर्चिल निघून गेला असता!

आणि हो, त्यानंतर लगेच कार्शने दुसरा फोटोही काढला, त्यात चर्चिल छान हसतोय. तो कुणाला आठवतो? तुमच्या १४० फ्रेम म्हणजे तो दुसरा फोटो आहे.

दुसरा किस्सा अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडनचा, तो स्वतःच सांगायचा. १९५७, ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेला ब्रिटनचा राजा आणि त्याची बायको. दोघेही फोटो काढून घेण्यात मुरलेले, गोड चेहरे लावून बसले. कुत्र्यांवर त्यांचा भारी जीव. ॲव्हेडनने सहज थाप मारली की येताना माझ्या टॅक्सीखाली एक कुत्रा आला. झालं, दोघांचे चेहरे एका क्षणात पडले, आणि तोच फोटो. बघताना अंगावर येतो, किती थकलेले दिसतात.

अंधारखोली

@सावलीवाला, स्क्रीनवरच होतं लक्ष, कबूल.

@खिडकीपाशी, किस्से भारी आहेत पण मी त्यांच्या तोंडातून सिगार काढायला गेलो असतो तर त्यांच्या माणसांनी मला उचलून बाहेर ठेवलं असतं. आणि ते कुत्र्याचं खोटं... नाही पटलं. मला नाही जमणार असं.

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह

जमू नयेच. आता मी जरा उलटं लिहिणार आहे, शिव्या नंतर द्या.

हे 'मुखवट्यामागचा खरा चेहरा' प्रकरण मला नेहमी खटकतं. विंडसर दांपत्याचा पडलेला चेहरा खरा आणि हसरा खोटा हे कुणी ठरवलं? कुत्रा मेल्याचं ऐकून कुणाचाही चेहरा पडेल, त्यात त्यांचं आयुष्य दिसतं असं आपण म्हणतो कारण त्यांची गोष्ट आपल्याला आधीच माहीत असते. आणि गंमत म्हणजे याच जोडप्याला फिलिप हाल्समन या फोटोग्राफरने चक्क उड्या मारायला लावलं होतं! तो सगळ्यांनाच उड्या मारायला लावायचा, निक्सनलासुद्धा. त्याचं म्हणणं असं की उडी मारताना माणसाचं लक्ष उडीत जातं आणि मुखवटा गळून पडतो. मग आता सांगा, पडलेल्या चेहऱ्याचे खरे की उडी मारणारे खरे?

मॅरिलिन मन्रोचा तो मे १९५७ चा ॲव्हेडनचाच फोटो घ्या. चमचमता ड्रेस, नजर शून्यात. त्या संध्याकाळी ती तासन्‌तास नाचली, गायली, खिदळली, आणि थकून बसली तेव्हा हा फोटो आला. सगळे म्हणतात बघा बघा, ही खरी मन्रो. अरे पण नाचणारी खोटी होती का? ते नाचणं तर तिने स्वतः घडवलेलं, तिची कला होती ती.

सेलिब्रिटी पोर्ट्रेटचा निम्मा इतिहास मुखवटा काढण्याचा नाहीच, तो घडवण्याचा आहे. १९३० च्या दशकातला हॉलीवूडचा फोटोग्राफर जॉर्ज हरेल बघा. जोन क्रॉफर्ड या नटीला मेकअपशिवाय बसवायचा, वरून कडक लाइट, नाकाखाली फुलपाखरासारखी सावली, आणि मग ८ बाय १० च्या निगेटिव्हवर पेन्सिलने तासन्‌तास रीटचिंग. क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर ठिपके होते, फोटोत शोधून दाखवा एक. हे फसवणं नव्हतं, 'स्टार' नावाची वस्तूच अशी तयार व्हायची. गौतम राजाध्यक्षांचे मऊ उजेडातले चेहरे आठवा. ते कुणाला उघडं पाडायला गेले नाहीत, समोरच्याला तो सगळ्यात देखणा जसा दिसेल तसा दाखवायचा हा त्यांचा बाणा, आणि त्यातही माणूस दिसायचाच की.

मागे गेलात तर अमेरिकेतला फोटोग्राफर नेपोलियन सारोनी. १८८२ मध्ये त्याने लेखक ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले, एका कंपनीने त्यातला एक परस्पर छापला, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १८८४ मध्ये कोर्टाने सांगितलं की बसवणं, कपडे, पडदे, उजेड-सावली हे सगळं फोटोग्राफरने रचलं म्हणून ही त्याची निर्मिती, कॉपीराइट त्याचा. म्हणजे पोर्ट्रेट 'रचलेलं' असतं म्हणूनच ते तुमचं, हे कोर्टानेच लिहून दिलंय.

तेव्हा अंधारखोली, प्रॉब्लेम त्यांनी मुखवटा लावला हा नाही. तुम्ही तुमच्याकडून काहीच रचलं नाही, नुसते मुखवट्यासमोर उभे राहिलात, हा आहे. मित्राच्या बाबतीत चालून जातं कारण तो तुमच्याकडे बघून हसतो. हे साहेब लेन्सकडे बघून हसत होते.

खिडकीपाशी

शेवटचं वाक्य घेतलं. बाकी भांडण राखून ठेवतो :)

उंडगा_कॅमेरा

दोघांच्या भांडणात माझं एक छोटंसं बोट. फोटोग्राफर अर्व्हिंग पेन. १९४८ मध्ये त्याने स्टुडिओतल्या दोन फळ्या एकमेकींना टेकवून एक अरुंद कोपरा केला आणि येईल त्या नामवंताला त्यात उभं केलं. बास. उड्या नाहीत, थापा नाहीत. लेखक ट्रुमन कपोट भल्यामोठ्या ओव्हरकोटात खुर्चीवर गुडघे टेकून बसला, जो लुई हा मुष्टियोद्धा शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा अडकून बसलाय, आणि चित्रकार मार्सेल द्युशाँ पाइप तोंडात धरून मजेत टेकून उभा, जसं काही कोपरा त्याच्याच घरचा. जागा सगळ्यांना सारखी, पण प्रत्येकाने तिचं वेगळं काहीतरी केलं. मुखवटा सवयीच्या जागेत चालतो हो, अडचणीच्या जागेत अंगाला काहीतरी करावंच लागतं, आणि जे करतं ते आपण टिपायचं.

फोटोग्राफर मार्टिन शोलरचं पण तसंच. सगळ्यांना एकच लाइट, दोन उभ्या ट्यूबच्या पट्ट्या (म्हणून डोळ्यांत मांजरीसारख्या उभ्या रेघा चमकतात), एकच क्रॉप, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहराच चेहरा. त्यामुळे 'लाइट दरवेळी वेगळा पाहिजे' हे काही खरं नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, पेनची बरोबरी नाही करत. पाठ नसलेलं, जरासं बुटकं स्टूल देतो. आरामखुर्ची दिली की माणूस पोस्टरमधल्यासारखा रेलतो. स्टुलावर दोन मिनिटांत हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो, आणि हात गोंधळले की चेहराही सैल होतो. हातांवरून आठवलं, कार्श हातांना वेगळा लाइट द्यायचा. तुमच्या १४० मध्ये हात किती फ्रेममध्ये आहेत?

अंधारखोली

शून्य. सगळे छातीच्या वर कापलेत.

सावलीवाला

स्टुलाची आयडिया ढापली आहे.

एक राहिलं. त्यांच्याच उंचीचा कुणी माणूस उभा करून आदल्या दिवशी सगळं बसवून बघायचं, फोकस, पॉवर, जमिनीवर टेप, सगळं. म्हणजे साहेब आल्यावर तुम्ही नुसते कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहून बोलू शकता. ॲव्हेडन मोठ्या कॅमेऱ्यावर काम करताना शेजारीच उभा राहायचा, मागे काळ्या कापडात डोकं घालून नाही, त्यामुळे समोरचा त्याच्याकडे बघायचा, काचेकडे नाही. ट्रायपॉड आणि रिमोट घेतला की आपल्यालाही जमतं.

आणि बोलायचं काय, तर त्यांच्या कामाबद्दल शक्यतो नको, ती उत्तरं पाठ असतात. प्लाटॉन या फोटोग्राफरने २००७ मध्ये टाइम मासिकाच्या कव्हरसाठी पुतिनचा फोटो काढताना बीटल्सचा विषय काढला होता. पुतिन खुलला म्हणे, आणि तरी फोटो आला तो बर्फासारखा थंड. म्हणजे गप्पा मारल्या की माणूस मऊच दिसतो असंही नाही, पण निदान तो तिथे हजर असतो.

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह

आणि मत असू द्या स्वतःचं. फोटोग्राफर अर्नोल्ड न्यूमनने १९६३ मध्ये जर्मन उद्योगपती क्रुपचा फोटो काढला. युद्धात त्याच्या कारखान्यांत गुलामांसारखे मजूर राबवलेले, आणि न्यूमन ज्यू. त्याने कारखान्यातच बसवलं, दोन्ही बाजूंनी लाइट मारला, जरा पुढे वाका म्हणाला, आणि सैतान दिसला. क्रुप भडकला. ना खोटं बोलला, ना काही हिसकावलं, दिवे कुठे ठेवायचे एवढंच ठरवलं. तुमच्या साहेबांबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते आवडतात, भीती वाटते, कीव येते? हे ठरवल्याशिवाय ऑक्टा उघडायचाच नाही.

उंडगा_कॅमेरा

अंधारखोली, घरी जाऊन एक कर. त्या १४० मधल्या 'चांगल्या' फ्रेम सोड, फेकण्यातल्या बघ. टेस्ट शॉट, मेकअपदादा बाजूला होतानाचे, आणि तू 'झालं सर, थँक्यू' म्हटल्यानंतरचे, जर चुकून दाबला गेला असेल तर.

अंधारखोली

चार दिवसांनी लिहितोय, सॉरी, ऑफिसात गळ्यापर्यंत काम होतं.

बघितल्या. १४० मध्ये तर नाहीच, पण त्याच्या आधी पॉवर चेक करायला काढलेल्या सहा टेस्ट फ्रेम होत्या, त्या मी मोजल्याही नव्हत्या. त्यातल्या चौथ्यात मेकअपदादांचा हात नुकताच फ्रेमबाहेर चाललाय, बोटं दिसतात कोपऱ्यात, आणि साहेब त्या हाताकडे बघतायत. हसत नाहीयेत. दमलेले आहेत पण दादांकडे प्रेमाने बघतायत, बहुतेक खूप वर्षांची ओळख असावी दोघांची. फोकस कानावर गेलाय, लाइट अर्धा स्टॉप कमी (म्हणजे फोटो जरा अंधारलेला), मागे कागदाची कड दिसते. आणि हा फोटो मी दहा वेळा उघडून बघितला.

त्यांच्या पीआरवाल्यांना मी हसऱ्यातले वीस आणि हा एक असे पाठवले. त्यांनी हसऱ्यातला निवडला, शर्टाचा रंग खुलतो म्हणून. ह्याबद्दल एक अक्षर नाही. इथे टाकू का? बोटं क्रॉप करू की राहू देऊ?

खिडकीपाशी

बोटांना हात लावलास तर बघ! तोच फोटो आहे.

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह

बोटं राहू देत, पण इथे टाकू नका अजून. शूटच्या आधी काही सही केली होतीत का, वापराबद्दल, परवानगीबद्दल? ते कागद आधी नीट वाचा. सारोनीचं कॉपीराइटचं ठीक आहे, पण करारात 'निवडलेल्या फोटोंशिवाय कुठेही प्रसिद्ध करणार नाही' असं एक वाक्य असलं की संपलं.

अंधारखोली

मेलमध्ये काहीतरी पीडीएफ आली होती. शोधतो. मेकअपदादांना मात्र एक प्रिंट द्यायची आहे, त्यांचा नंबर आहे माझ्याकडे.