मदत हवी आहे: बाळाची धाप ओळखण्याची सूचना तेलुगू-कन्नडमध्ये

सोलापुरातल्या अंगणवाड्यांसाठी आरएसव्हीची (लहान बाळांच्या छातीवर, श्वासावर परिणाम करणारा विषाणू) सूचना मराठीत तयार आहे. पूर्व भागासाठी ती तेलुगूत आणि शिवाय कन्नडमध्ये कोण करून देईल?

मजकूर असा: बाळ शांत असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, दूध पिणं निम्म्यावर आलं, तर लगेच दवाखाना. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. तान्ह्याचा श्वास एका लयीत नसतो, आकडा तिथेच चुकतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, घरातलं उरलेलं तर नकोच.

'खळगा पडणे', 'धाप' यांना आजीला कळतील असेच शब्द हवेत. पुस्तकी शब्दांनी बाळ उशिरा दवाखान्यात पोचेल.