ऑफिसातल्या पाकिटाचं काय करायचं?

कोपरीकर:
वागळे इस्टेटला पर्चेसमधे आहे. दिवाळीच्या आधी एक सप्लायर पाकीट ठेवून जातो, सगळे घेतात, मी परत केलं तर साहेब म्हणाले जास्त शहाणपणा नको, आणि आता जेवायला पण कोणी हाक मारत नाही. बायबलात रोमकरांस पत्रात १२:९ मधे वाइटाचा वीट माना लिहिलंय ते ठीक, पण रोज याच लोकांत बसायचंय ना?

तलावपाळी:
अरे भावा, आपलं ठाण्याचं चर्च ज्याच्या नावाचं त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचंच बघ. लूक ३ मधे जकातदार विचारतात आम्ही काय करायचं, तर तो नोकरी सोडा म्हणतच नाही, ठरलंय त्याच्यावर काही घेऊ नका म्हणतो बस्स. सैनिकांना पण तेच, पगारात भागवा. सप्लायरला सरळ मेल टाक, पुढच्या वर्षी आणूच नका म्हणून.

कळव्याची ताई:
मेल वगैरे ठीक आहे पण वीट पाकिटाचा, माणसांचा नको. रोमकरांसच्या त्याच १२ व्या अध्यायात २१ व्या वचनात बऱ्याने वाइटाला जिंक आहे. हाकेची वाट कशाला बघताय, डबा घेऊन बसा जाऊन.

कोपरीकर:
साहेबांना सुके बोंबील आवडतात. सोमवारी नेतो, बघू.