‘लोथ’: आधी द्वेष, मग नाखुशी

इंग्रजीतलं ‘लोथ’ (loath, नाखूश) हे विशेषण ‘लोद’ (loathe, तिटकारा करणे) या क्रियापदाचं सौम्य रूप आहे, असं एका चर्चेत कुणीतरी लिहिलंय. क्रम उलटा आहे. विशेषण आधीचं. जुन्या इंग्रजीत ते ‘लाथ’ असं होतं (आपल्या लाथेशी संबंध नाही) आणि त्याचा अर्थ फार जहाल होता: द्वेष्य, वैरी. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्यात ते शत्रूसाठी येतं. क्रियापद त्यावरून घडलं आणि त्यानं जुनी धग टिकवली; विशेषण मात्र निवत गेलं. जर्मनमधलं ‘लाइड’ म्हणजे दुःख आणि फ्रेंचमधलं ‘ले’ म्हणजे कुरूप, हे त्याच कुळातले.

त्या चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे वाक्यरचना. इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये, म्हणजे 14व्या शतकाच्या अखेरीस, एक गरीब, सज्जन पाद्री आहे. चर्चला द्यायचा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) थकला म्हणून लोकांना बहिष्कृत करणं त्याच्या जिवावर येतं. मूळ ओळीत तिथे ‘तो’ लोथ नाही, ‘त्याला’ लोथ आहे! आपण ‘मला नकोसं वाटतं’ म्हणतो, अगदी तसंच. नकोशी ती गोष्ट, माणूस फक्त ते सोसणारा. पुढे इंग्रजीत ‘त्याला’ मागे पडून ‘तो’ रूढ झाला आणि शब्द गोष्टीबद्दल न बोलता माणसाच्या मनाबद्दल बोलू लागला. माझ्या मते द्वेषाची नाखुशी होण्यात या बदलाचा मोठा वाटा आहे.